उष्टा चमचा

४ डिसेंबर

प्रिय वहिनी,

भोंगामामाच्या ट्रकमधून हा थर्माकोलचा डबा येईल. उघडताना घाबरू नकोस. आत सुई नाही की सलाईन नाही. बर्फाच्या पिशव्या, झाकणाच्या दोन नळ्या, टोकाला बोळा असलेल्या काड्या आणि हे पत्र, एवढंच आहे. तुमच्या त्या दरीत फोन लागत नाही याचा मला एरवी संताप येतो. पण त्यानिमित्ताने तुला कागदावर सविस्तर रागावता येतं, तेही बरंच म्हणायचं.

भिंगरीला उन्हाळ्यापासून तीनदा न्यूमोनिया झाला आणि मला तिसऱ्या वेळी कळतं? दादा गेला म्हणून त्याची बहीण परकी झाली का गं? असो. पुढचं नीट वाच. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर चांगलेच आहेत, पण ते तरी काय करणार? छातीच्या फोटोत पांढरा डाग दिसतो. तो डाग कुणी पाडला हे फोटो सांगत नाही. मोठं माणूस खोकून बेडका काढून देतं, एवढंसं पोर तो गिळून टाकतं. मग औषध अंदाजाने द्यायचं. लागलं तर लागलं, नाहीतर ताप थोडे दिवस दडी मारतो आणि पुन्हा दारात हजर.

आमच्या मोठ्या रुग्णालयाच्या बालविभागात आता थुंकीवरून कारण शोधायला लागलो आहोत. थुंकीत दोन गोष्टी सापडतात. जंतू कोणता ते, आणि शरीर त्याच्याशी कसं झुंजतंय ते. मी दिवसभर तेच काम करते. लोक साहेबांची थुंकी झेलून वर चढतात, मी पोरांची झेलते आणि आहे तिथेच आहे.

कृती सोपी आहे. सकाळी काही खाण्यापिण्याआधी काडी तिच्या गालाच्या आतून फिरव, बोळा ओला होऊ दे, नळीत घाल, झाकण लाव. एकच गोष्ट बजावून सांगते. तापाने पोराचं तोंड कोरडं पडलं की आया काय करतात माहीत आहे? सुईत ओवायचा दोरा ओला करावा तशी काडी आधी स्वतःच्या जिभेला लावतात. मग आमच्याकडे आई आणि मूल दोघंही एकाच नळीत येऊन बसतात. तसं करू नकोस.

डबा लगेच परत पाठव. भिंगरीला तिच्या आत्याचा पापा.

तुझी,
नणंद (जाच न करणारी)


९ डिसेंबर

प्रिय वन्सं,

नमुना सोबत आहे. काडी मी जिभेला लावलेली नाही. तुमच्या भाचीने मात्र ती चावली, तिचा तुकडा पाडला आणि माझ्या बोटाचाही पाडायला निघाली होती. म्हणजे अंगात जोर आहे, असं आपलं मी समजते.

रागावलात ते आवडलं. इथे मला रागवायला कुणी उरलेलं नाही. पंपघराच्या आसपास वस्ती नाही हे तुम्हाला माहीतच आहे. यांच्या जागी मला कामावर घेतलं आणि ही दोन खोल्यांची क्वार्टर राहू दिली, हे उपकारच. पंप सुरू करायचा, काटा बघायचा, टाकीत पावडर सोडायची. पंप चालू असला की मांडणीवरची भांडी थरथरत कडेला येतात, ती मी येता-जाता मागे सारते. बोलायला कोण, तर भोंगामामा. तो ट्रक वळणावर आला की भोंगा वाजवतो, पावडरीचं पिंप उतरवतो आणि चहासुद्धा न घेता जातो. त्याला अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं.

भिंगरी जेवते का, असं तुमच्या मनात येईल. जेवते, पण वेळ किती लावते! तुमच्या दादाने लावून ठेवलेली सवय. तुम्हाला आठवत असेल, ती अगदी लहान असताना एकदा गरम पेजेने तिची जीभ पोळली, तेव्हापासून हे पहिला चमचा स्वतः घ्यायचे आणि मगच तोच चमचा तिला भरवायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, इथे तोंड लेकीचं पोळलं आणि फुंकत बाप बसला. आता ते नाहीत, तरी ही पहिला चमचा खिडकीजवळच्या त्यांच्या स्टुलाकडे धरून बसते. थांबते. मग तोच चमचा स्वतः खाते. पहिल्यांदा मी पदरात तोंड घालून रडायचे. आता भात निवतो म्हणून चिडते. माणूस कशालाही सरावतो, वन्सं.

कळवा लवकर. रात्री तिची छाती वाजते.

तुमची,
वहिनी


१६ डिसेंबर

प्रिय वहिनी,

नमुना नीट आला नाही. तुझी चूक नाही, कधीकधी होतं असं. नव्या नळ्या पाठवते आहे, पुन्हा घे. या वेळी आधी तिला चूळ भरायला लाव आणि थोडं थांबून काडी फिरव.

आणखी थोडं विचारायचं आहे. तिला भरवतं कोण? नेहमी तूच का? कुणी स्वतःचं उष्टं तिला देतं का, पेल्यातलं, बाटलीतलं? भोंगामामा लाडाने काही देतो का? घरात कुणी पुरुषमाणूस येतं-जातं का? म्हणजे मुक्कामाला वगैरे? हे आम्हाला सगळ्यांनाच विचारावं लागतं. मनाला लावून घेऊ नकोस.

दवाखान्यातून दिलेलं औषध चालू ठेव. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडतो का ते बघ. पडत असेल तर तिला उचल आणि सरळ दवाखान्यात जा.

घाईत आहे.

तुझी,
नणंद


२० डिसेंबर

माननीय तपासणीबाई यांस,

आपला प्रश्न पोचला. उत्तर देते.

या घरात पुरुषमाणूस येत नाही. मुक्कामाला येत नाही, ‘वगैरे’लाही येत नाही. भोंगामामाला नातवंडं आहेत आणि त्याची बाटली तो तोंडाला न लावता वरून पितो. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात माझ्या दारात ज्या चपला होत्या त्या माझ्या आणि माझ्या लेकीच्या. त्यांच्या होत्या त्याही मी उचलून ठेवल्या.

गाव बोललं असतं तर मी हसले असते. इथे गावच नाही, तर ते काम तुम्ही हातात घेतलंत. थुंकी तपासायला नेली आणि चालचलणूक तपासून परत पाठवली! आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगू?

दुसरा नमुना सोबत आहे. चूळ भरली, दार लावलं, कडी घातली. आता त्यात कोण सापडतं ते बघा.

तिच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं, प्राणवायू लावला, काल सोडलं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही, कशामुळे ते कळत नाही. वन्सं, भांडण माझं-तुमचं आहे. तिचं लवकर बघा.

वहिनी


२७ डिसेंबर

वहिनी,

मला माफ कर. मी तुझ्यावर संशय घेतला नव्हता. खरं कारण लिहायची छाती झाली नाही, म्हणून आडून विचारलं आणि नको तिथे लागलं. आता सगळं सांगते. खाली बसून वाच.

पहिल्या नळीत दोन माणसांची थुंकी होती. एक भिंगरीची. मला वाटलं दुसरी तुझी, काडी जिभेला लावली असशील. पण दुसरी पुरुषाची निघाली. म्हणून तो प्रश्न.

आता आमच्या कामाची एक रीत तुला सांगायला हवी. यंत्र बरोबर चाललंय ना हे बघायला आम्ही रोज पोरांच्या नमुन्यांबरोबर एक नमुना आमचा स्वतःचा घालतो. त्या दिवशी माझा होता. यंत्राने खूण केली, की भिंगरीच्या तोंडातला तो पुरुष आणि मी एका आई-बापाची लेकरं आहोत.

मला एकच भाऊ होता, वहिनी.

मी साहेबांकडे गेले. ते हसले. म्हणाले, तुमच्या भावाच्या शेवटच्या आजारातली नळी आपल्याच फ्रीजरमध्ये आहे, तिचा थेंब या नमुन्यात उडाला असेल. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी दादाची नळी काढली आणि स्वतः भट्टीत टाकली. टेबल धुतलं, हातमोजे बदलले. तुझा दुसरा डबा मी उघडलासुद्धा नाही. दुसऱ्या इमारतीतल्या मुलीला दिला, तिने दादाचं नावही ऐकलेलं नाही. तिने बाहेर येऊन विचारलं, “मॅडम, या बाळाला कुणी तरी उष्टं भरवतं का हो? पुरुष आहे.”

तरी एक गोष्ट राहिली आणि ती मी साहेबांना सांगितलेली नाही. ही तपासणी नुसते जंतू बघत नाही, शरीराची झुंज बघते, असं तुला लिहिलं होतं. वर्षभर फ्रीजरमध्ये पडलेली थुंकी झुंजत नाही. ती निपचित असते. तुझ्या दोन्ही नळ्यांतल्या त्या पुरुषाचं शरीर झुंजत होतं. आत्ता, या आठवड्यात. आणि हरत होतं.

हे काय आहे ते मला कळत नाही. डोकं चालत नाही माझं. पण जंतू मला कळतो. दादाच्या छातीत होता तोच आहे. साध्या औषधांना दाद न देणारा. दादाच्या वेळी ही तपासणी नव्हती. त्याचं कारण कळलं तेव्हा आपण त्याला पोचवून परत आलो होतो. भिंगरीचं कारण वेळेत कळलंय. या जंतूवर चालणारं औषध डब्यात आहे, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना वेगळी चिठ्ठी आहे. आजच सुरू कर. हे मिळालं नाही तर ती वाचणार नाही. मी लपवून ठेवत नाही.

आणि तो चमचा त्या स्टुलाकडे धरायचा नाही. एकदाही नाही. जंतू तिथून येतोय.

तुझी,
नणंद


३ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी घाबरले नाही. उलट इतके दिवस एकटीच्या डोक्यावर होतं ते ओझं कुणीतरी अर्धं उचलल्यासारखं वाटलं. मीही तुमच्यापासून लपवलं होतं.

भात निवतो म्हणून चिडते असं लिहिलं, ते खोटं. पावसाळ्याच्या सुमाराची गोष्ट. तिने चमचा स्टुलाकडे धरला आणि परत आणला तेव्हा तो निम्मा होता. मी खाली वाकून बघितलं. फरशीवर शीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम काठोकाठ भरून दिला. परत आला तो पुन्हा निम्मा, आणि चमच्याची कड ओली. ओठ लागून ओली होते ना, तशी.

तेव्हापासून तिच्या जेवणाच्या वेळा मी चुकवत नाही. पंपाचा काटा चढो नाहीतर पडो. मी स्टुलाच्या या बाजूला बसते. दिसत काहीच नाही. एकदा तिला विचारलं, “बाबा काय करतात गं?” तर म्हणाली, “बाबा दमलेत. त्यांना धाप लागते. ते बोलत नाहीत, नुसते खातात.” पंपाच्या आवाजात मला नीट ऐकू येत नाही, पण ती खोकून थांबली की त्याच जातीचा खोकला खिडकीपाशी होतो. त्यांचा शेवटच्या आठवड्यातला खोकला मी विसरेन का?

तुम्हाला भीती वाटेल. मला नाही वाटत. वन्सं, ते गेले तेव्हा काचेच्या पलीकडे होते. तुम्ही कामाला होतात म्हणून आत जाऊ शकलात, मला जवळही जाऊ दिलं नाही. पाणी पाजलं नाही मी त्यांना. आता रोज माझ्या हातचा घासभर भात त्यांच्या पोटात जातो.

औषध मांडणीवर आहे. थरथरत कडेला येतं, मी मागे सारते. झाकण उघडलेलं नाही. डॉक्टरांना मी तिला पाजलं म्हणून सांगितलं. तुम्ही म्हणता जंतू तिथून येतो. मग मला वाटतं, तेही जंतूबरोबरच येत असतील. तोच धागा धरून येत असतील. जंतू मेला की धागा तुटला. मग त्या स्टुलावर कोण बसेल?

मला वेडी म्हणा. पण तुमच्या यंत्राने मला वेडी म्हटलेलं नाही.

तुमची,
वहिनी


८ जानेवारी

वहिनी,

तुला वेडी म्हणणार नाही. तुझं पत्र मी औषधाच्या खोलीत दार लावून वाचलं आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? तुझा हेवा वाटला. माझाही भाऊच तो. लहानपणी मला आमटी गरम लागली तरी फुंकर घालायला तोच यायचा.

पण आता मी त्याच्या वतीने भांडणार आहे. तो पहिला चमचा का घ्यायचा? भूक लागली म्हणून? लेकीला चटका बसू नये म्हणून घ्यायचा. वहिनी, आज त्याच्याच चमच्यातून तिला चटका बसतोय. आणि त्याला ते कळत असेल तर बिचाऱ्याचं काय होत असेल? जाताही येत नाही आणि थांबलं तर पोर जातं. तू काचेपलीकडचं लिहिलंस. मी आत होते. त्याला शब्द फुटत नव्हता, पण काचेतून तुझ्या कडेवरची भिंगरी दिसली की हाताने ‘लांब ने, लांब ने’ म्हणायचा. तू ते बाय करणं समजलीस आणि तिचा हात हलवलास. मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते.

तिला औषध दे. मला रजा देत नाहीत, वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं आहेत. महिनाअखेरीला दिली तर ठीक, नाहीतर न सांगता निघेन. पण तोवर तुझ्या पोरीला वेळ नाही. आईला लेकीची दया यावी म्हणून नणंदेने पाया पडावं, असं कुठे असतं का? मी पडते.

औषध दे, वहिनी.

तुझी,
नणंद


१२ जानेवारी

प्रिय वन्सं,

दिलं.

तुमचं पत्र घेऊन भोंगामामा आला तेव्हा भिंगरी भिंतीला टेकून बसली होती आणि नाकपुड्या फुलवून श्वास घेत होती. ओठांचा रंग मला आवडला नाही. तो ‘लांब ने’ असलेला परिच्छेद मी उभ्यानेच वाचला. मग बाटली उतरवली, झाकण उघडलं, औषध चमच्यात ओतलं.

तिने तोंड घट्ट मिटलं. मी गोडीने सांगितलं, दटावलं, नाक धरलं. निम्मं गळ्यावरून ओघळलं. मला म्हणते, “आधी बाबा.”

तुम्ही बजावलं होतं, एकदाही नाही. पण काय करू? पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात बाटली संपली असती. मी चमचा पुन्हा भरला आणि या वेळी तिच्या हातात न देता मीच स्टुलाकडे धरला. वर्षभरात मी स्वतः कधी धरला नव्हता. वन्सं, माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, हे त्या दुखण्यावरचं औषध आहे. हिला द्यायचं आहे. तुम्हालाही लागेल. कसं करायचं ते तुम्हीच ठरवा.”

आणि वीज गेली. दुपारची जातेच आमच्याकडे, त्यात विशेष काही नाही. पण पंप थांबला. या घरात पंप थांबला की किती शांत होतं, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. भांडी थरथरायची थांबली. भिंगरीचा श्वास ऐकू येत होता, खर खर. आणि स्टुलापाशी दुसरा. तिच्याहून जड.

चमचा माझ्या बोटांत किंचित दबला. कुणीतरी वरून ओठ टेकवावेत तसा. मग हलका झाला. मी घोट गिळल्याचा आवाज ऐकला. या कानांनी ऐकला. तरी मी हात मागे घेतला नाही.

भिंगरी म्हणाली, “कडू आहे म्हणाले.” मग जरा वेळाने म्हणाली, “पण घे म्हणाले.”

आणि तिने आपणहून तोंड उघडलं. मी तो चमचा बाजूला ठेवला, उकळलेला दुसरा घेतला आणि तिला औषध पाजलं. एक थेंब सांडला नाही.

तुम्ही मागाल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिची थुंकी घेऊन फ्रीजमध्ये ठेवली आहे. पण भोंगामामाबरोबर पाठवायला मन होत नाही. तुम्ही याल तेव्हा तुमच्या हातात देईन. ताप उतरला आहे. आज तिने चमचा स्टुलाकडे धरला नाही. मी विचारलं, “बाबा?” तर म्हणाली, “झोपलेत.”

या. घाई करू नका, पण या.

तुमची,
वहिनी


२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. भिंगरीने माझ्या पिशवीत भरलेले दगड साहेबांनी पाहिले आणि विचारलं, रजेत खाणीवर गेला होतात का? हो म्हटलं.

तुला एक सांगायचं राहिलं. परवा तू काटा बघायला पंपघरात गेलीस आणि भिंगरी अंगणात पळत होती, तेव्हा मी भाताचा चमचा घेऊन त्या स्टुलासमोर बसले. हात भरून येईपर्यंत धरला. भात होता तसाच राहिला. मग मीच तो खाल्ला. मीठ कमी होतं, पण ते तुझं नेहमीचंच आहे.

दोन्ही नळ्या मी स्वतः तपासल्या. साहेबांना दाखवलेल्या नाहीत, दाखवणारही नाही. आधी दुसरी नळी सांगते, मी तिथे असताना मीच घेतली ती. जंतू नाही. शरीर शांत. नळीत एकच माणूस आहे, तुझी लेक. ती बरी झाली आहे, वहिनी. पूर्ण बरी झाली आहे. हे वाक्य मी रोज कुणाच्या ना कुणाच्या आईला सांगते, तुला लिहिताना मात्र तीन कागद फाडले.

आणि पहिली नळी. औषध दिल्याच्या दुसऱ्या सकाळची, तू जपून ठेवलेली. ती लावताना मी मनाशी म्हटलं होतं, यात दादा नसला तर बरं. मग म्हटलं, असला तर बरं. नक्की काय वाटत होतं, मलाच ठाऊक नाही.

होता. त्या नळीत दोघंही होते. भिंगरीची झुंज उतरणीला लागली होती, ताप हटताना दिसतं तशी. मग मी त्याचा आलेख बघितला. पुन्हा लावला, पुन्हा बघितला. वर्षभर हरत आलेलं ते शरीर, वहिनी, त्या सकाळी जिंकत होतं. त्याचा जंतू मरत होता. आमच्या भाषेत याला एकच शब्द आहे आणि तो मी त्याच्यासाठी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

दादा बरा होत होता.

तुझी,
नणंद